क्वांगचौ कमी पैशांत: आधी तारखा, मग हॉटेल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघी मैत्रिणी, दोघी शाकाहारी, दिवाळीच्या सुट्टीत सहा रात्री क्वांगचौला जायचा विचार आहे. विमान आणि व्हिसा सोडून माणशी पंचवीस हजार रुपये हाताशी आहेत. ओळखीचे सगळे सांगतात की ते व्यापाऱ्यांचं शहर, तिथे बघण्यासारखं काही नाही, त्यापेक्षा शांघायला जा. एवढ्या पैशांत जमेल का, स्वस्त हॉटेल कुठलं, आणि येताना थोडा माल आणून खर्च निघेल का, असं तुम्ही विचारलंय.

माझं ठाण्यात केसांच्या क्लिपा, बो आणि इमिटेशन दागिन्यांचं होलसेलचं छोटं दुकान आहे. २०११पासून, मधली कोरोनाची वर्षं सोडली तर, वर्षातून दोनदा तरी मी क्वांगचौला जाते. पेपरात कुणी त्याला ग्वांगझू लिहितं, जुन्या पुस्तकांत तेच कँटन. माझा धंदा लहान, त्यामुळे तिथे राहण्या-खाण्यावर जास्त खर्च करणं मला कधीच परवडलं नाही. जे सांगते ते त्या अनुभवातून.

पैसे पुरतील. पण तुमची खरी अडचण हॉटेल नाही, ती ‘दिवाळीची सुट्टी’ या दोन शब्दांत आहे. क्वांगचौमध्ये वर्षातून दोनदा कँटन फेअर भरतं. १९५७पासून चालत आलेलं हे प्रदर्शन वसंतात १५ एप्रिल ते ५ मे आणि शरदात १५ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर असं तीन टप्प्यांत असतं, आणि जगभरचे खरेदीदार त्याला येतात. एरवी दोनशे युआनला मिळणारी खोली त्या दिवसांत मी चारशे-साडेचारशेला घेतली आहे, तीही लांबच्या भागात. टप्प्यांच्या मधल्या तीन-चार दिवसांत भाव थोडे उतरतात, पण पूर्ण नाही. त्याच्या आधी १ ते ७ ऑक्टोबर चीनची राष्ट्रीय सुट्टी, तेव्हा अर्धा देश प्रवासात असतो. म्हणजे दिवाळी ऑक्टोबरात आली की तुमची सुट्टी बरोबर महागाईत सापडते. दिवाळी नोव्हेंबरात असेल आणि ४ तारखेनंतर निघता आलं, तर तेच शहर निम्म्या भावात मिळतं. म्हणून आधी कॅलेंडर बघा.

हवेचंही तसंच. नोव्हेंबरचा मध्य ते डिसेंबर हे सगळ्यात चांगले दिवस, कोरडे आणि एका स्वेटरवर भागणारे. मे महिन्याच्या सुट्टीत जाल तर पाऊस आणि चिकचिक. फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला तिथे एक विचित्र दमट हवा येते, तिला ते ‘हुईनानथियान’ म्हणतात. भिंतींना आणि फरशीला अक्षरशः घाम सुटतो, धुतलेला रुमाल तीन दिवस वाळत नाही. उन्हाळा कडक आणि वादळांचा. तुम्हाला सुट्टी कधी मिळते यावर हे सगळं अवलंबून आहे, तिथे मी काही करू शकत नाही. पण रजा पुढेमागे करता येत असेल तर तीच तुमची सगळ्यात मोठी बचत.

व्हिसाबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण त्यात माणसं अडकताना पाहिली आहेत. भारतीय पासपोर्टवर चीनचा व्हिसा आधी काढावाच लागतो. इतर काही देशांच्या लोकांना मिळते तशी दहा दिवसांची ट्रान्झिट सवलत आपल्याला नाही. आणि साधा व्हिसा एका प्रवेशाचा असतो. क्वांगचौहून वेगवान रेल्वेने हाँगकाँग तासाभरात येतं, म्हणून ‘एक दिवस जाऊन येऊ’ असा मोह होतो. पण हाँगकाँग किंवा मकाऊला गेलात की तुम्ही चीनमधून बाहेर पडलात आणि तुमचा एक प्रवेश संपला. विमानात ओळख झालेल्या एका जोडप्याचं असंच झालं. बॅगा क्वांगचौच्या हॉटेलात आणि दोघं हाँगकाँगमध्ये, नव्या व्हिसासाठी रांगेत. हाँगकाँग करायचंच असेल तर अर्ज करतानाच दोन प्रवेश मागा, आणि भारतीयांसाठी हाँगकाँगची वेगळी ऑनलाइन पूर्वनोंदणी असते ती करून ठेवा. सहा रात्रींत मी तरी हाँगकाँग करणार नाही. तिथली एक रात्र क्वांगचौच्या दोन-तीन रात्रींएवढी पडते.

आता राहणं. हॉटेलचं नाव मी मुद्दाम देत नाही. भाव आणि व्यवस्था दर सहा महिन्यांनी बदलते, माझं नाव वाचून तुम्ही गेलात आणि निराश झालात तर मला वाईट वाटेल. भाग सांगते. मेट्रोच्या एक आणि दोन नंबर लाइन जिथे मिळतात ते गोंगयुआनछियान, त्याच्या पश्चिमेला शीमनखौ आणि चांगशौ लू, दक्षिणेला हायचू चौक. हे जुनं शहर. इथून बहुतेक गोष्टी पायी किंवा चार-पाच स्टेशनांत आहेत. नवीन बिझनेस भागात उंच इमारतींजवळ राहिलात तर दिवसाचा तास-दीड तास प्रवासात जातो आणि खाणंही महाग. जुन्या भागात साधी पण स्वच्छ, दोघींची खोली एरवी १८० ते २५० युआनला मिळते, हॉस्टेलमध्ये खाट ७० ते १०० युआनला. युआन म्हणजे साधारण साडेबारा रुपये धरा.

बुकिंग करताना एक निरोप जरूर पाठवा: भारतीय पासपोर्टवर खोली देता ना? परदेशी पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करावी लागते, आणि लहान हॉटेलांना ते झंझट नको असायचं. २०१३ साली रात्री अकरा वाजता एका हॉटेलच्या काउंटरवर मला, बुकिंग हातात असताना, परत पाठवलं होतं. पावसात बॅग ओढत तिसऱ्या ठिकाणी खोली मिळाली तेव्हा एक वाजला होता. आता परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे, २०२४पासून परदेशी लोकांना नाकारू नका असं सरकारनेच बजावलं आहे. तरी दोघी बायका रात्री पोचणार असाल तर आधी विचारून घेतलेलं बरं.

विमानतळावरून टॅक्सीची गरज नाही. मेट्रोची तीन नंबर लाइन थेट विमानतळाखाली येते. जियाहवांगगांग स्टेशनला उतरून दोन नंबर घ्या. ती लाइन तिथूनच सुटते, त्यामुळे बॅगांसकट बसायला जागा मिळते, आणि ती सरळ जुन्या शहरात नेते. दहा युआनच्या आत काम होतं. विमान पहाटे उतरलं तर सहापर्यंत विमानतळावरच थांबा, गरम पाणी फुकट असतं.

यापुढचं मात्र भारतातून निघण्याआधी करा. तिथे भाजीवालीसुद्धा क्यूआर कोडवर पैसे घेते. अलीपे हे ॲप घरी बसून टाका, पासपोर्टचा फोटो देऊन ओळख पूर्ण करा आणि तुमचं ‘व्हिसा’ किंवा ‘मास्टरकार्ड’ कंपनीचं बँक कार्ड जोडा. रुपे चालणार नाही. बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करा. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं जोडा, माझं एक कार्ड दोन वेळा कारण न सांगता नाकारलं गेलं आहे. दोनशे युआनपर्यंतच्या व्यवहाराला अलीपे वेगळी फी लावत नाही, वर गेलात तर तीन टक्के लागतात. मेट्रोचा क्यूआर कोड आणि टॅक्सी बोलवायची सोयही त्याच ॲपमध्ये आहे. सोबत पाचशे-सहाशे युआन रोख ठेवा, फोनची बॅटरी संपली तर तीच उपयोगी पडेल.

गूगल, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम तिथल्या इंटरनेटवर उघडत नाही. आपल्या कंपनीचं आंतरराष्ट्रीय रोमिंग किंवा बाहेरच्या देशाचं ई-सिम घेतलं तर चालतं, कारण त्याचा डेटा बाहेरून फिरून येतो. तुमचं भारतीय सिम चालू असणं बँकेच्या ओटीपीसाठीही गरजेचं आहे. हॉटेलच्या वायफायवर विसंबून राहू नका.

खाण्याबद्दल तुम्ही काळजीने विचारलंय आणि काळजी रास्त आहे. कँटनी स्वयंपाकात ‘भाजी’ म्हणून समोर येणाऱ्या पानात डुकराची चरबी, ऑयस्टर सॉस किंवा चिकनची पावडर असते, आणि वाढणाऱ्याला त्यात मांसाहार वाटत नाही. नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. ‘वो छ्र सू’, म्हणजे मी शाकाहारी जेवते, हे वाक्य पाठ करा, आणि चरबी, मासे, ऑयस्टर सॉस, चिकन पावडर नको असं चिनी लिपीत लिहून फोनमध्ये फोटो म्हणून ठेवा. ‘सू’ हे अक्षर ओळखायला शिका. ते पाटीवर दिसलं की बौद्ध शाकाहारी उपाहारगृह समजा. अशी बरीच ठिकाणं देवळांच्या आसपास सापडतात, पेइचिंग रस्त्याजवळच्या दाफो मंदिराच्या परिसरातही आहे. त्यांच्या शाकाहारात कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे आमच्या ओळखीतली जैन मंडळीही तिथे निर्धास्त जेवतात, कंद तेवढे बघून घ्यायचे. चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, तिथले पुष्कळ लोक शाकाहार पाळतात. त्या दिवशी लवकर जा, गर्दी असते.

सकाळी गल्लीतल्या छांगफनच्या दुकानासमोर दोन मिनिटं उभ्या राहा. पत्र्याच्या पेटीत कप्पे असतात. बाई कप्पा ओढते, त्यात तांदळाचं पातळ पीठ ओतते, हलवून सारखं करते आणि आत ढकलते. मिनिटाभरात तो कप्पा वाफेच्या ढगासकट बाहेर येतो. पीठ आता पातोळ्याच्या पारीसारखं अर्धपारदर्शक झालेलं असतं. पत्र्याच्या पट्टीने ते एका झटक्यात खरवडून गुंडाळते, कापते, वर सोया सॉस. अंडं आणि मांस नको, फक्त पाला घाला, असं सांगितलं की सात-आठ युआनला पोटभर नाश्ता होतो. कांजी घ्यायची तर ‘पाय चोउ’ म्हणजे साधी पांढरी मागा, बाकीच्या बऱ्याच कांज्या हाडांच्या रश्शात शिजवतात. ही पांढरी म्हणजे आपली पेजच. मी मेतकुटाची पुडी नेते, आणि गेल्या इतक्या वर्षांत मला याहून चांगली न्याहारी तिथे सापडलेली नाही.

संध्याकाळी आल्याचं दूध खा. वाटीच्या तळाशी ताज्या आल्याचा रस असतो, त्यावर ठरावीक उष्णतेचं गोड दूध उंचावरून ओततात आणि वाटी हलवायची नाही. चार-पाच मिनिटांत ते खरवसासारखं घट्ट होतं, आल्यातल्या रसानेच. अंडं नाही, जिलेटिन नाही. शेजारीच मिळणाऱ्या ‘शुआंगफीनाय’मध्ये मात्र अंड्याचा पांढरा भाग असतो, तुम्हाला चालत नसेल तर जपून. सकाळचा चहा, म्हणजे चहासोबत डिमसम नावाचे छोटे छोटे पदार्थ खाण्याचा कार्यक्रम, शाकाहारी माणसाला अर्धाच उपभोगता येतो. मुळ्याच्या वडीतही सॉसेज असतं. पण ‘माटी गाव’ नावाची, शिंगाड्यासारख्या कंदाची काचेसारखी वडी मिळते. आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, चहाचा माणशी आकार वेगळा लागतो तो धरून चला. शेजारच्याने तुमच्या कपात चहा ओतला तर टेबलावर दोन बोटांनी हलकं टकटक करायचं, तेच ‘आभारी आहे’. भारतीय हॉटेलं श्याओपेई भागात आहेत, पण एका जेवणात तिथल्या दोन दिवसांचे पैसे जातात.

आता ‘बघण्यासारखं काही नाही’ याबद्दल. हे मला पटत नाही, आणि मनापासून पटत नाही. हे शहर म्हणजे व्यापारच आहे, आणि तो बघायला तिकीट लागत नाही. १७५७ ते १८४२ या काळात पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना चीनमध्ये हे एकच बंदर खुलं होतं. नदीकाठी त्यांच्या वखारींची रांग होती, ‘शीसानहांग’, तेरा पेढ्या. त्या वखारी १८५६मध्ये जळाल्या, पण रस्त्याचं नाव तेच राहिलं आणि आज तिथे कपड्यांचा घाऊक बाजार आहे. एका सकाळी सहा-साडेसहाला तिथे जा. काळ्या प्लॅस्टिकमध्ये चिकटपट्टीने आवळलेले माणसाएवढे गठ्ठे, दोन चाकांच्या गाड्या, ओरडत वाट काढणारे हमाल. दुपारपर्यंत सगळं आवरलेलं असतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला मस्जिद बंदरची आठवण झाली. ती आठवण उगाच नव्हती. मुंबईचा कापूस आणि माळव्याची अफू याच शहरात विकायला यायची. सर जमशेटजी जीजीभाईंनी याच चीनच्या फेऱ्यांमधून पैसा उभा केला, आणि त्यातून मुंबईत जे. जे. हॉस्पिटल उभं राहिलं. मोठी जहाजं नदीत खाली, वांपोआ इथे नांगर टाकायची. तिथल्या चांगचौ बेटावर पारशी व्यापाऱ्यांच्या कबरी आहेत. दख्मा, म्हणजे पारशांचा अंत्यविधीचा मनोरा, नव्हता म्हणून ती माणसं घरापासून इतक्या लांब मातीत पुरली गेली. मुंबईचा इतिहास वाचलेल्या माणसाला ते बेट परकं वाटत नाही.

शीसानहांगहून पायी छिंगफिंगच्या औषधी बाजारातून शामियान बेटावर जा. वडाच्या सावलीत जुन्या इंग्रज-फ्रेंच इमारती आहेत, सगळं फुकट. तिथून उत्तरेला जेडच्या बाजारात हुआलिन मंदिर. दक्षिण भारतातून समुद्रमार्गे आलेले बौद्ध भिक्षू बोधिधर्म इथेच उतरले अशी परंपरा आहे. तेव्हा नदीचा काठ इथपर्यंत होता. आज चारी बाजूंनी हिरव्या बांगड्यांची दुकानं आणि मधे ते शांत आवार. माझं तिथे दर खेपेला अर्धा तास बसणं होतं.

पैसे देऊन बघायच्या गोष्टींत पहिली चन कुलाची वास्तू, तिकीट दहा युआन. १८९४मध्ये पुरी झालेली ही वास्तू क्वांगतुंग प्रांताच्या बहात्तर तालुक्यांतल्या चन आडनावाच्या लोकांनी वर्गणी काढून बांधली, गावाकडच्या पोरांना सरकारी परीक्षेसाठी शहरात उतरायला जागा हवी म्हणून. शिक्षणासाठी वसतिगृहं काढलेल्या आपल्या लोकांना हे लगेच कळेल. छपराच्या कण्यावर मातीच्या शेकडो रंगीत बाहुल्या आहेत, मान दुखेपर्यंत बघाव्यात अशा. दुसरी नानयुए या प्राचीन राज्याच्या राजाची समाधी, १९८३मध्ये सापडलेली, आत जेडच्या तुकड्यांचं शिवलेलं कफन. क्वांगतुंग संग्रहालय फुकट आहे, पासपोर्टवर आधी वेळ घ्यावी लागते, सोमवारी बंद. ६०० मीटरच्या कँटन टॉवरवर चढू नका. वर गेलात तर सगळं शहर दिसतं पण टॉवर दिसत नाही, आणि त्या पैशांत तुमचं दीड-दोन दिवसांचं जेवण होतं. संध्याकाळी रोजच्या लोकांची फेरीबोट घ्या, दोन-चार युआनची. पर्यटकांच्या क्रूझचं पाणी वेगळं नसतं. एक दिवस उरला तर मेट्रोनेच शेजारच्या फोशान शहरात जाऊन या, २०१०पासून ती लाइन आहे, त्झूम्याव स्टेशनला उतरलं की समोर जुनं मंदिर.

हिशेब मांडते, दोघींत एक खोली धरून, माणशी रोजचा: खोली ११०, खाणं ८०, मेट्रो-बोट १५, तिकिटं २० युआन. म्हणजे सव्वादोनशे, दोन हजार आठशे रुपयांच्या आसपास. सहा दिवसांचे सतरा हजार. रोमिंग आणि बँकेची फी धरून वीस. पाच हजार हातात राहतात, ते अडीअडचणीला ठेवा. प्रदर्शनाच्या दिवसांत गेलात तर हेच गणित पंचवीसच्या पलीकडे जातं.

राहिला माल. नाही, खर्च निघणार नाही. घाऊक दुकानदार एका डिझाइनचे डझनभर तरी घ्यायला सांगतो, आणि विकण्यासाठी आणलेला माल कस्टमला बॅगेतलं सामान म्हणून दाखवता येत नाही. त्याला आयात-निर्यात कोड, बिलं आणि ड्यूटी लागते. माझं शटर त्याच कागदांवर चालतं, म्हणून ठामपणे सांगते, एकीच्या बॅगेत पन्नास पर्स कोंबून धंदा सुरू करू नका. घरासाठी घ्यायचं तर यीद रस्त्यावर खेळणी आणि स्टेशनरी बघा, फांगछुनच्या बाजारातून चहा घ्या. तिथे दुकानदार बसवून तीन-चार चहा पाजतो, घाई करत नाही, आणि शंभर ग्रॅम घेतलात तरी नीट बांधून देतो.

तारखा ठरल्या की कळवा. प्रदर्शनाचा कुठला टप्पा चालू असेल ते बघून, त्या आठवड्यात कुठल्या स्टेशनाजवळ खोली बघायची ते सांगेन.